घंटेवरची मेरी आणि तुझं कुंकू

आई, तुला जाऊन चौदा वर्षं झाली, तरी लोक अजून माझ्याशी तुझ्या कुंकवावरून भांडतात.

काल सांगलीत कॉलेजातून घरी आले, तर परदेशी प्रकाशकाची मेल आलेली. देवळातल्या घंटेवरचं माझं पुस्तक छापतो म्हणतात, फक्त तुझ्या कुंकवावरचं शेवटचं प्रकरण गाळा आणि घंटेचा जुना, स्वच्छ फोटो द्या. नव्या फोटोतला मेरीच्या कपाळावरचा लाल रंग त्यांच्या मते नंतर साचलेली घाण. दहा वर्षांचं काम पणाला लागलंय. तरी मी कळवून टाकलं, छापायचं तर कुंकवासकट, नाहीतर राहू द्या.

वाईच्या अलीकडच्या देवळातली ती घंटा, कधीकाळी किनाऱ्यावरच्या पोर्तुगीज चर्चमधून लढाईत जिंकून आणलेली, कडेवर बाळ घेतलेल्या बाईची आकृती असलेली. दर मंगळवारी कट्ट्यावर चढून तू तिला हळदकुंकू लावायचीस. मी लिस्बनहून पहिल्या सुट्टीला आलेली, युरोपची चित्रं-शिल्पं शिकून जमिनीपासून दोन बोटं वरूनच चालणारी. तू बोट कुंकवात बुडवतेस आणि मी तुझा हात धरते. म्हणते, आई, ही देवी नाही, मेरी आहे. आपली नाही ती. खराब करतेस तू तिला.

"आगं, कडंवर लेकरू घिऊन हुबी हाय. कोरड्या कपाळानं कशी ठिवू? तितं तुमची मेरी आसंल. हितं आली तवा आमचीच झाली."

मी ओढणी ओली करून सगळं पुसलं आणि फोटो काढला. तू पाठ फिरवून पायरीवर बसलीस. त्याच फोटोवर मला पुढच्या संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली, पुढे नोकरीही. त्या पुसण्याची मला आजही लाज वाटते.

आता मी जगभर तुझंच म्हणणं मांडत फिरते. लिस्बनच्या एका सभेत एक ज्येष्ठ प्राध्यापक हसून म्हणाले, युरोपची कला युरोपातच समजते. मी विचारलं, मग तुमच्या संग्रहालयात आमचे देव कशाला ठेवलेत? मला गप्प बसवणं सोपं नाही, लेक तुझीच आहे.

एवढं ताठ बोलते खरी, पण एक गोष्ट फक्त तुला सांगते. पुस्तकाच्या नव्या फोटोसाठी देवळात गेले, तर तिचं कपाळ कोरडं. तुझ्यामागं कुणी लावतच नव्हतं. मी बाहेरच्या दुकानातून कुंकवाची पुडी आणली, कट्ट्यावर चढले, स्वतःच लावलं आणि मग फोटो काढला. पुस्तकात हे लिहिलेलं नाही, आणि लिहिणारही नाही.