चिमणीची प्लेट

३ तारीख, सोमवार
लॅबमध्ये पहिला दिवस. कसलं भारी! फुप्फुसाच्या आजारांचे बॅक्टेरिया, आणि ते सांभाळणार मी! मॅडम एकदम गोड आहेत. म्हणाल्या, किती चिवचिव करतेस गं, आणि माझं नावच चिमणी ठेवून टाकलं. इथे एकच जात वाढवतात, आधी घशात बसून मग छातीत उतरणारी. जंतू वाढवायच्या चपट्या झाकणाच्या प्लेटवर नंबरऐवजी लाडाची नावं: गोट्या, ठमी, बुटक्या. घरी ताईला सांगितलं तर ती हसून हसून दमली. तिचं तान्हं पिल्लू माझं बोट धरूनच झोपलं.

५ तारीख, बुधवार
मॅडमनी खास ट्रिक शिकवली. प्लेटचं झाकण किंचित उचलायचं आणि वास घ्यायचा. कॉलेजात याला सक्त मनाई होती, पण मॅडमच्या मते मुरलेली माणसं नाकानेच ओळखतात. ठमीला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. मी पहिल्या फटक्यात ओळखला. जाम खूश.

१० तारीख, सोमवार
घसा खवखवतोय. मॅडमनी लगेच स्वॅब फिरवून नमुना घेतला. किती काळजी करतात.

१३ तारीख, गुरुवार
प्लेट उबेत ठेवायच्या कपाटात, इन्क्युबेटरमध्ये, नवी प्लेट. नाव, चिमणी. हसू आलं, मग थांबलं. मॅडमनी शांतपणे सांगितलं, नुसत्या प्लेटवर ही जात सुस्तावते, तिला मधूनमधून माणूस लागतो. ठमी म्हणे माझ्याआधी इथे कामाला होती, माझ्याच खुर्चीवर बसायची. आता कुठे असते विचारलं, तर म्हणाल्या, इन्क्युबेटरमध्ये.

१४ तारीख, शुक्रवार
पिल्लू खोकतंय. रोज पापे घेत होते मी त्याचे. डॉक्टरांचं औषध लागू पडत नाहीये. लागू पडेल असं मॅडमकडे आहे — पण आधी बाळाच्या घशातला नमुना आण म्हणतात.

१६ तारीख, रविवार
नेला. ताई आंघोळीला गेली तेव्हा घेतला. पिल्लू रडलंसुद्धा नाही नीट. औषध उद्या.

१८ तारीख, मंगळवार
पिल्लूची प्लेट गच्च भरली. चिमणीपेक्षा दणकट, मॅडम कौतुकाने म्हणाल्या. औषध उद्या. पुन्हा उद्या. पिल्लू आता खोकत नाही. काहीच करत —

२२ तारीख, शनिवार
पाळणा माळ्यावर टाकला. ताई माझ्याशी बोलत नाही. नुसती खोकते.

बेल. मॅडम. हातात औषध नाही — कोरी प्लेट, मार्कर. दारातूनच विचारतायत, ताईला घरी लाडाने काय म्हण