अख्खा शंख

१० एप्रिल
लिही अस्मिता, हसू नकोस! जीभ माझी, हात सुनेचा — अशी ही रोजनिशी. चैत्रगौर बसून दहा दिवस झाले, पुढच्या शुक्रवारी हळदीकुंकू. सूनबाईंची आरास काय, तर दोन कलिंगडं नि एक प्लॅस्टिकचा मोर. गौर माहेरी आलीय की मॉलमध्ये? नातू केदार उद्या मित्रांबरोबर मालवणला निघालाय. त्याला सांगितलंय, शंखशिंपले आण. निदान ते तरी खरे असतील.

१४ एप्रिल
अस्मिता म्हणते, "लिहू या आई, नाहीतर वेड लागेल." हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितोय.
शनिवारी केदारला समुद्रात गोगलगाय डसली. साप नाही, विंचू नाही — शंखातली गोगलगाय! मी आधी हसलेच. डॉक्टर म्हणाले, "शिकारी असते ती, आजी. सुईसारखा दात मारते, मासा जागीच लुळा पडतो."
केदार लुळा पडलाय. श्वास यंत्र घेतंय. विषावर उतारा नाही. ते ओसरेपर्यंत तग धरायचा, बस्स.
"त्याला ऐकू येत असेल, बोलत राहा." अस्मिता बोलते. मी गप्प. मी — गप्प!

१५ एप्रिल
जो येतो तो पोरालाच बोल लावतो. त्याचा बापसुद्धा. "जिवंत प्राणी उचलायचा? अक्कल कुठे गेली होती?"
मी चहा प्यायले. तीनदा.

१६ एप्रिल
पेन खाली ठेवू नकोस अस्मिता. लिही.
शनिवारी केदारनं फोनवर शंख दाखवले. वाळूतले, टवके उडालेले. मी म्हटलं, "भंगलेलं गौरीपुढं चालत नाही. पाण्यात उतर, अख्खा बघ." तो म्हणाला, "आजी, तू म्हणजे ना!" आणि उतरला.
अख्ख्या शंखात राहणारं कुणी असतं, हे मला कुठलं ठाऊक. पण पोराला बोल लागत होते तेव्हा तोंड होतं की मला. चार दिवस ते मिटून बसले.
लिहिलंस? सगळं?

१९ एप्रिल
हे फोनला सांगतेय. तो बोललेलं लिहून घेतो म्हणे. काय लिहितो, देव जाणे.
काल केदारचं यंत्र निघालं. "आई" म्हणाला. मी पुढं झाले, तर अस्मितानं वही-पेन माझ्या हातात दिलं, म्हणाली, "आता तुमचं तुम्ही लिहा." आणि पडदा ओढून घेतला.