अंजिराच्या टेकडीवरचे खापर

मी, अहिल्या एकहार्ट रोडेनबेर्ग, माहेरची अहिल्या केशव गोळे, वय ७४, राहणार मॉरिसव्हिल, नॉर्थ कॅरोलायना, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी मागच्या महिन्यात दिला. हृदयाची हमी त्यांनी दिली नाही, म्हणून घाई करते. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. २०२१ साली केलेले मृत्युपत्र मी रद्द करते, कारण त्यात एक गोष्ट लपवली होती. कोर्टासाठी याची इंग्रजी प्रत माझ्या वकील हिमानी सबनीस करतील.

१. राहते घर आणि बँकेतली सर्व शिल्लक माझा मुलगा निमिष, राहणार नोव्हाय, मिशिगन, याला मिळावी. घर विकले तर गॅरेजच्या छतातून पाणी गळते हे घेणाऱ्याला आधी सांगावे. आपल्या घरात गोष्टी उशिरा सांगण्याची सवय आहे. ती इथे थांबावी.

२. माझे पुण्याचे बंधू देवदत्त यांना आईच्या चार पैठण्या पाठवाव्यात, त्यांच्या नातींना होतील. माझ्या लग्नात ते आले नाहीत. "जर्मन, आणि तोही खड्डे खणणारा," असे ते म्हणाले होते. माझ्या मनात आता काही राहिलेले नाही असे लिहिणार होते, पण या कागदावर खोटे लिहू नये.

३. चित्रे काढण्याची माझी हत्यारे, म्हणजे कॅलिपर, शाईची पेने, खापराच्या कडेचा आकार उतरवायचा तारांचा कंगवा, ही सर्व ज्या मुलीला हे काम शिकायचे असेल तिला निमिषने द्यावीत. याच हत्यारांमुळे माझे लग्न झाले. १९७५ साली मी पुण्यात उत्खननातली खापरे रेखाटत होते. भूमध्य समुद्राकडून आपल्या किनाऱ्यावर आलेल्या मद्याच्या रांजणांचे तुकडे बघायला एकहार्ट तिथे आला. दोन दिवस माझ्या मागे उभा राहिला आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, "तुम्ही जे दिसतं तेवढंच काढता. फार थोड्यांना जमतं." (त्याला मी अरेतुरेच करत असे, इथेही तसेच लिहिते.)

४. त्याची सगळी पुस्तके, तो जिथे एकवीस वर्षे शिकवत होता त्या विद्यापीठाला द्यावीत. त्याच्या हस्तलिखित टिपा द्याव्यात, काही गाळू नये.

एकहार्ट १९३९ साली हाले गावात जन्मला. वडील युद्धातून परतले नाहीत. पडक्या घरांच्या विटा साफ करून आईने त्याला वाढवले आणि चौदाव्या वर्षी हात धरून पूर्व जर्मनीतून पश्चिमेकडे आणले. ग्रीक देवळांवर प्रबंध लिहून तो पुरातत्त्वज्ञ झाला, पण शेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत त्याला कायमची नोकरी नव्हती. दर दोन वर्षांनी नवे शहर, नवे करारपत्र. तुर्कस्तानात अंजिराची टेकडी म्हणत त्या जागी त्याला एका देवळाचे जोते सापडले. हे देऊळ इसवी सनापूर्वी ५६० च्या सुमाराचे, त्या भागातले सर्वांत जुने, असे त्याने मांडले. त्या एका तारखेवर त्याला अमेरिकेत बोलावणे आले. १९८५ मध्ये आम्ही इथे आलो, पुढच्या वर्षी निमिष झाला. त्या तारखेवर आमचे घर उभे होते हे मला ठाऊक होते.

५. माझ्या कपाटात खालच्या खणात, लोकरीच्या मोज्यात, पत्र्याची डबी आहे. ती आहे ना, हे मी दिवसातून तीन-चारदा पाहते. आत तीन बोटे रुंदीचे खापर आहे. काळ्या जमिनीवर लाल पाऊल, सँडलचा एक पट्टा. असे काम अथेन्समध्ये इसवी सनापूर्वी ५२० नंतरच होऊ लागले, आणि हा तुकडा तर ४९० च्या सुमाराचा दिसतो.

११ जुलै १९९१ रोजी कॅरोलिन हॅझलेट ही चोवीस वर्षांची विद्यार्थिनी त्या देवळाच्या अखंड फरशीखाली खणत होती. तिने ते एकहार्टच्या हातात दिले. फरशीखाली ४९० चा तुकडा म्हणजे वरचे देऊळ त्यानंतरचे. सत्तर वर्षांनी अलीकडचे. उत्खननावरची चित्रे मीच काढत असे; चहाच्या वेळी तो माझ्या टेबलापाशी आला आणि ते ठेवून म्हणाला, "हे रेखू नकोस."

"का?"

"वरून घरंगळलं असेल. त्या मुलीला खणण्याचा अनुभव नाही."

"फरशी फुटलेली नव्हती. मीच नकाशा काढलाय."

त्याने तुकडा उचलून खिशात घातला. नोंदवहीत ती ओळ लिहिली गेली नाही. दुसऱ्या दिवशी तो गावात गेला असताना मी कोटातून तुकडा काढून पेन्सिलने रेखाटला आणि परत ठेवला. एवढेच माझे धाडस.

कॅरोलिनने त्या तुकड्याच्या आधारे प्रबंध लिहिला. परीक्षकांत एकहार्ट होता. "असं खापर नोंदीत नाही," असे त्याने सांगितले. प्रबंध नाकारला गेला. ती ओहायोत परतली आणि शाळेत लॅटिन शिकवू लागली. त्याने तुकडा फेकून दिला नाही. तेवढा पुरातत्त्वज्ञ त्याच्यात शिल्लक होता. २०२० मध्ये जाण्याआधी डबी माझ्याकडे देऊन म्हणाला, "तुला काय योग्य वाटेल ते कर." म्हणजे पुन्हा माझ्यावरच.

सगळे खापर त्याच्या माथी फोडून मी मोकळी होणार नाही. मी नकाशा काढला होता. मला कोणी विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही.

माझी इच्छा: <s>माझ्या मृत्यूनंतर</s> हे खापर तुर्कस्तानातल्या म्युझियमला परत जावे, आणि माझे चित्र व लेखी जबानी कॅरोलिन हॅझलेट यांना मिळावी.

६. इथवर मी ३ मार्चला लिहिले होते. निमिषला फोनवर वाचून दाखवले. तो म्हणाला, "आई, पापा इज गॉन. त्यांच्यावर ते मेमोरियल बुक निघतंय. नाऊ? रिअली?" मी म्हटले, आत्ता नाही, मी गेल्यावर. तो म्हणाला, "म्हणजे मला फेस करायचं." त्याचे चुकले नाही.

मग हिमानी आली. तिने कलम पाच दोनदा वाचले आणि विचारले, "काकू, तुम्ही शंभर वर्षं जगलात तर? त्या बाई तोवर थांबतील?"

त्या रविवारी मी कॅरोलिनचा नंबर शोधून फोन केला.

"मी अहिल्या रोडेनबेर्ग. टेकडीवर चित्रं काढायचे."

"आठवतं मला."

"ते खापर माझ्याकडे आहे."

तिने विचारले, "त्यावर पाऊल आहे? अंगठ्याचं टोक तुटलेलं?"

मी डबी उघडली. टोक तुटलेले होते. चौतीस वर्षे माझ्याच चित्रात ते होते. "हो," म्हटले.

"मला वाटायला लागलं होतं, मला भास झाला," ती म्हणाली. ती रडत नव्हती. मी रडत होते.

काल, २१ मार्चला, ती ओहायोहून आली. निमिषही नोव्हायहून आला. त्यानेच तिला एअरपोर्टवरून आणले. वाटेत दोघे काय बोलले ते मी विचारले नाही. पुस्तकाच्या संपादकांना त्याने स्वतः कळवले आहे. पुढच्या आठवड्यात हिमानी आम्हाला तुर्की वकिलातीत नेणार आहे. तिथे काय विचारतील, निमिषला काही त्रास होईल का, पेपरात एकहार्टला चोर म्हणतील का, हे मला माहीत नाही. भीती गेलेली नाही.

कॅरोलिनने खापर उभ्यानेच हातात घेतले, खिडकीपाशी नेले आणि पालथे करून पाहिले. मी चित्र पुढे ठेवले. खाली 'कोणाला सापडले' ही जागा मी तेव्हा कोरी सोडली होती. तिने माझेच शाईचे पेन मागितले. नाव लिहिताना फार सावकाश लिहिले, वर्गात मुलांच्या वह्या तपासणाऱ्या बाई लिहितात तसे.

कलम पाचमधले "माझ्या मृत्यूनंतर" हे शब्द मी खोडले आहेत. खोडल्या जागी माझी सही आहे.

ठिकाण: मॉरिसव्हिल, नॉर्थ कॅरोलायना
तारीख: २२ मार्च २०२५

अहिल्या रोडेनबेर्ग

आमच्या दोघांच्या समक्ष अहिल्याकाकूंनी वाचून सही केली. पेन त्यांनी स्वतःच धरले.

साक्षीदार: सुमंत धारप, शेजारी
साक्षीदार: विनीता कोल्हटकर, शेजारी