डोकी मोजायची नाहीत

३ नोव्हेंबर, सोमवार

नवी नोकरी, नवं गाव, नवी वही. वही धाकट्या बहिणीने, आमच्या धाकटीने, आणून दिली आणि बजावलं की हिच्यात फक्त हिशेबी गोष्टी लिहू नकोस, मनातलंही लिही. बघू जमतं का.

काम असं: शिडाच्या होडीतून सात दिवसांची बेटांची सहल. रोज नवं बेट, रोज निसर्गातलं काहीतरी बघायचं, आणि हे सगळं आधी कागदावर आखायचं. ते आखणं माझ्याकडे. कचेरी म्हणजे धक्क्यावरची एक खोली. दोन टेबलं, भिंतभर समुद्राचा नकाशा आणि एक पंखा. तो लावला की सगळे कागद उडतात, म्हणून प्रत्येक गठ्ठ्यावर एकेक शिंपला ठेवलाय. मालकीणबाई बोलायला लागल्या की थांबत नाहीत, पण मनाने मोकळ्या आहेत. अकरा वर्षं शाळेत कारकुनी करून आलेल्या माणसाला समुद्राचं काय कळणार, असं त्यांना वाटलं असेल. मी त्यांना सांगितलं की शाळेच्या प्रत्येक सहलीत मुलं मोजायचं काम माझं होतं आणि अकरा वर्षांत एकही मूल मागे राहिलं नाही. तिथेच नोकरी पक्की झाली.

माझ्या टेबलावर आधी दुसऱ्या बाई होत्या. त्यांचा फोटो अजून भिंतीवर आहे. गोल चष्मा, चष्म्याला लाल दोरी, चेहरा हसरा. मागच्या हंगामात एका सहलीवरून परतल्या आणि दुसऱ्या दिवसापासून कामावर आल्याच नाहीत. मालकीणबाई म्हणाल्या, त्या गावातच असतात, ठणठणीत आहेत, पण निरोपाला उत्तर देत नाहीत.

घरी धाकटी सामान लावतेय. म्हणजे खिडकीत बसून प्रत्येक वस्तू कुठे ठेवू ते मला विचारतेय. मला राग येत नाही. मागच्या वर्षी हीच मुलगी सहा महिने अंथरुणाला खिळून होती. आई गेल्यापासून तिला मीच आणि मला तीच. तेव्हा मी तिला कबूल केलं होतं की बरी झालीस की समुद्र दाखवीन.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आखणी रंगात आलीय. पहिला दिवस पक्ष्यांचं बेट, दुसरा कासवांची पुळण, तिसरा खाडीतली दाट झाडी. भरती-ओहोटीचं वेळापत्रक आता मला तोंडपाठ होत आलंय. धाकटी म्हणते, झोपेतही आकडे पुटपुटतेस.

आधीच्या बाईंची फाईल मिळाली. अक्षर मोत्यासारखं, सगळं जागच्या जागी. फक्त शेवटच्या आखणीतला चौथा दिवस पेन्सिलीने खोडलाय, इतका जोरात की कागद फाटलाय. नकाशावर पाहिलं. चौथं बेट खडकाळ आहे आणि ओहोटीला तिथे डबकी उघडी पडतात. त्यांत तारामासे, शंखातले खेकडे, रंगीत शेवाळ. इतकी सुंदर जागा का गाळली कोण जाणे! धाकटीला डबकी म्हणजे जीव की प्राण. मी चौथा दिवस पुन्हा घातला.

पहिली फेरी चाचणीची आहे. मालकीणबाईंनी धाकटीलाही न्यायला हो म्हटलं. घरी सांगितलं तर तिने मला उचलायचाच प्रयत्न केला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज बाजारात त्या बाई दिसल्या. भाजीच्या रांगेत माझ्यापुढेच होत्या. चष्मा नव्हता, पण चेहरा तोच. मी पुढे होऊन ओळख सांगितली, चौथ्या बेटाबद्दल विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिल्या. उत्तर नाही, हूं की चूं नाही. टळटळीत उन्हात त्यांचे केस ओलेचिंब होते आणि पदरातून पाणी गळत होतं. सोबत त्यांचे यजमान होते. त्यांनी घाईने मला बाजूला घेऊन सांगितलं की त्या सहलीवरून आल्यापासून ती बोलत नाही. एवढं सांगतानाही ते बायकोपासून हातभर लांब उभे होते.

बिचारी आजारी असावी. धाकटीला यातलं काही सांगितलं नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

होडीवर जाऊन आले. होडी चालवणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे तांडेल म्हणतात. त्याचं तोंड म्हणजे बंद कपाट, पण नियम सांगायला मात्र उघडलं. चढायच्या जागी एक फळा आहे, त्याला ओळीने सात खुंट्या. प्रत्येकाला एक लाकडी बिल्ला. बेटावर उतरताना आपला बिल्ला गळ्यात घालायचा, परत चढलं की आपल्या खुंटीला लावायचा. सातही खुंट्या भरल्या की तो नांगर उचलतो.

मी म्हटलं, पद्धत छान आहे, तरी मी डोकीही मोजीन, मला सवयच आहे. तांडेलाचा चेहरा उतरला. डोकी मोजायची नाहीत, असं त्याने बजावलं. बिल्ले मोजा, माणसं मोजू नका. कारण विचारलं तर उठून दोर आवरायला लागला.

म्हाताऱ्या माणसांचं काहीतरी असतंच.

२४ नोव्हेंबर, सोमवार

निघालो! आम्ही सात. तांडेल, स्वयंपाकी, पक्ष्यांची माहिती सांगणारे काका, निवृत्त गुरुजी आणि त्यांच्या बाई, धाकटी आणि मी. शिडात वारा भरला तेव्हा धाकटीने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. गेल्या वर्षभरात तिला इतकं हसताना पाहिलं नव्हतं. माझे डोळे भरून आले, मी ते वाऱ्यावर ढकललं.

दुपारी पक्ष्यांच्या बेटावर उतरलो. तांडेल होडीतच थांबला. काका सगळ्यांना पायवाटेने नेत होते आणि मी रांगेत शेवटी. सवयीने मोजलं. मी धरून सहा यायला हवे होते. सात आले. पुन्हा मोजलं, सहा. ऊन डोळ्यांवर आलं असेल.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

कासवांची पुळण. वाळूत कासवीण सरकल्याचा पट्टा अजून ताजा होता. गुरुजींनी त्यावर अर्धा तास व्याख्यान दिलं आणि बाईंनी अर्धा तास जांभया दिल्या.

मी ठरवून मोजलं. पुन्हा एक जास्त. कोण जास्त ते मात्र कळत नाही. प्रत्येक चेहरा ओळखीचाच वाटतो.

दुपारी स्वयंपाक्याने आठ ताटं वाढली. मी चूक दाखवली तर तोच गोंधळला. पण जेवणं झाल्यावर आठही ताटं खरकटी होती. आठव्यात वाळू होती.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आज मोजायचं नाही असं ठरवलं होतं. तरी मोजलं. मनातल्या मनात आकडे आपोआप चालू होतात.

खाडीतल्या झाडीतून आलो आणि धाकटी माझ्यावर रुसलेली. म्हणाली, ताई, मघाशी माझ्याजवळ येऊन बसलीस, मी एवढं बोलले, एका शब्दाने उत्तर दिलं नाहीस. मी तेव्हा होडीच्या दुसऱ्या टोकाला काकांशी बोलत होते. तिचा डावा खांदा ओला होता, कुणीतरी टेकून बसल्यासारखा.

तडक तांडेलाकडे गेले. होडी वळव म्हटलं. वारा उलटा आहे, परत जायलाही दोन दिवस लागतील, पाणी भरायला उद्याचं बेट घ्यावंच लागेल, असं तो म्हणाला. मग खाली मान घालून बाकीचं सांगितलं. या बेटांवर काहीतरी आहे. आपणहून ते कुणाचं काही करत नाही. पण ज्याला मोजलं, त्याला जागा द्यावी लागते. मग ते आपली जागा शोधत राहतं. आधीच्या बाईही मोजत होत्या. चौथ्या बेटावरून परतताना सगळ्यांच्या आधी होडीत येऊन बसल्या होत्या. ओल्याचिंब. तेव्हापासून त्या बोलल्या नाहीत. त्यांच्या फाईलमधला चौथा दिवस नंतर त्यानेच खोडला होता.

हे सगळं आधी का नाही सांगितलं म्हणून मी त्याच्यावर ओरडले. त्याने विचारलं, विश्वास ठेवला असता का?

२७ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळ

चौथं बेट. मीच घातलेलं.

आम्ही दोघी उतरणार नाही. धाकटीला शपथ घातलीय. ती रडली. तिला कारण सांगितलं नाही, सांगू तरी काय? माझा बिल्ला खुंटीवर, तिचा खुंटीवर. दोन्ही डोळ्यांसमोर. होडी खडकाला लावलीय, उतरायला फळी टाकलीय. स्वयंपाकी पाणी भरायला गेलाय, गुरुजी, बाई आणि काका डबकी बघायला. तांडेल खाली होडीच्या तळातलं पाणी उपसतोय.

उकडतंय. लाटांच्या तुषारांसाठी घातलेला रेनकोट काढून आत टांगला.

पावणेअकरा

पाच मिनिटं. फक्त पाच मिनिटं डोळा लागला.

धाकटीचा बिल्ला खुंटीवर नाही.

ती दिसतेय. लांब, त्या टोकाच्या खडकांवर. कुणाचा तरी हात धरून चाललीय. हसतेय. ती अशी फक्त माझ्याबरोबर —

जाते. कंबरेच्या पिशवीत वही आहेच.

—

टोकाला आले. इथे कुणी नाही. हाका मारून घसा बसला. वारा समोरून येतोय, माझा आवाज माझ्याच तोंडात परत येतो.

डबक्यात वाकून पाहिलं. देवा, नको, नको म्हणत पाहिलं. तारामासे. शेवाळ. आणि एक गोल चष्मा, लाल दोरीचा. दोरीवर शंख चिकटलेत. वर्षभर इथे पडला असावा.

म्हणजे त्या बाई इथून परत गेल्याच नाहीत. मग बाजारात मी जिला —

गुरुजींच्या बाईंच्या आवाजासारखी हाक आली, होडीकडून. धाकटी आली, धाकटी आली, असं काहीतरी. ती खालच्या वाटेने गेली असणार, पुळणीवरून. जीव भांड्यात पडला. निघते.

—

भरती. ज्या वाळूवरून आले तिथे आता पाणी आहे. छातीपर्यंत. मला पोहता येत नाही.

थांबतील. मी नाही म्हटल्यावर थांबतीलच. तांडेल खुंट्या बघेल आणि —

माझा बिल्ला.

मी बिल्ला घेतलाच नाही. पळत सुटले. बिल्ला खुंटीवरच आहे. माझी खुंटी सकाळपासून भरलेली आहे. आता धाकटीचीही भरली. सात. सातही.

तो डोकी मोजणार नाही.

—

फळी ओढली. नांगर उचलला.

ओढणी हलवतेय. कुणी बघत नाही. सगळे शिडाकडे —

—

धाकटी दिसली. डेकवर आहे. सुखरूप आहे. दोन्ही मुठींत शिंपले. अकरा वर्षांत कुणी मागे राहिलं नाही, आजही ती राहिली नाही. एवढं तरी —

तिच्या शेजारी पिवळा रेनकोट. माझा. आत कुणीतरी आहे. टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली. रेनकोटच्या बाहीतून पाणी गळतंय, इतक्या लांबून कळतंय मला. धाकटी एकेक शिंपला दाखवतेय. रुसवा गेलेला दिसतो. तिने डोकं त्या खांद्यावर टेकलं.

बाळा, उठ. उठ तिथून. ती मी नाही.

—

शीड लहान झालं. मी मोजलं. तांडेल, स्वयंपाकी, काका, गुरुजी, बाई, धाकटी आणि ती. सात. बरोबर सात. सहल व्यवस्थित आखलीय, कुणाला काही वावगं वाटणार नाही. तांडेल मागे वळून पाहीलही कदाचित. पण ती बोलत नाही हे कळायला वेळ लागेल. धाकटी समजेल, ताई अजून रागावलीय. ती समजूत काढत राहील. घरापर्यंत.

घराची किल्ली रेनकोटच्या खिशात आहे. एकच. धाकटी वस्तू हरवते म्हणून तिला मी दुसरी करून दिलीच नाही. दार ती उघडेल. धाकटीला आधी आत जाऊ देईल, मी देते तशी. मग मागे वळून आतून कडी —