आम्ही एनर्व्हेट करतो

३ जून
इमारतीचा हॉल महिनाभर सकाळी माझ्या व्यायामवर्गाला मिळाला. माणसं टिकली तर कायमचा. नाहीतर तिथे टेबल टेनिसचं टेबल येणार, असं चेअरमन म्हणाले. टिकतील. न टिकायला काय झालं?

बोर्डासाठी भारदस्त शब्द हवा होता. सुचला: एनर्व्हेट. आत 'नर्व्ह' आहे. म्हणजे नसानसांत जोम भरणे. 'वी एनर्व्हेट ऑल एजेस.' सून म्हणाली, आई, एकदा डिक्शनरी बघून घ्या ना. म्हटलं, मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले तेव्हा तुझा जन्मही झाला नव्हता. गप्प बसली. पटलं असावं.

५ जून
बोर्ड लागला. हॉल भरला. आधी शिस्तीवर चार शब्द बोलले. घड्याळ पाहिलं तर वेळ संपत आलेली. मान डावीकडे, मान उजवीकडे, एवढंच झालं. उद्यापासून कमी बोलायचं.

६ जून
उशिरा येणाऱ्यांना कालचे चार शब्द पुन्हा सांगावे लागले. नाइलाज.

११ जून
तळमजल्यावरचे केमिस्ट म्हणाले, बाई, तुमच्या वर्गातून घरी गेलो की जो आडवा होतो तो जेवायलाच उठतो. गाढ झोप म्हणजे नसा सुधारल्याचं लक्षण! उद्यापासून येत नाही म्हणाले. पूर्ण सुधारल्या असतील.

१६ जून
वरच्या मजल्यावरचे प्रोफेसर (रिटायर्ड, इंग्रजीचे) बोर्डापुढे उभे राहिले. म्हणाले, इतका प्रामाणिक बोर्ड आयुष्यात पाहिला नाही. फोटोही काढला. सुनेला आवर्जून सांगितलं. तिला ठसका लागला.

२२ जून
एकट्या जाऊबाई. त्यांनाही भर वर्गात गुडघा आठवला. लोकांना चिकाटी म्हणून नाही. त्यावर बोलायला हवं होतं, पण ऐकायला कोणी नव्हतं.

३० जून, संध्याकाळ
इमारतीची मीटिंग. चेअरमननी विचारलं, महिनाभरात काय साधलं? उभी राहिले आणि ठणकावून सांगितलं, आय हॅव एनर्व्हेटेड धिस एंटायर बिल्डिंग. प्रोफेसर टाळ्या वाजवत उठले. मग सगळेच. माझ्या रिटायरमेंटलाही एवढ्या टाळ्या पडल्या नव्हत्या.

मग हात वर करायला सांगितले. टेबल टेनिस. माझ्या बाजूने एकच हात, तो माझाच. सून नेमकी तेव्हा पर्समध्ये काहीतरी शोधत होती.

१ जुलै
डिक्शनरी काढली. फक्त स्पेलिंग बघायला.

एनर्व्हेट: शक्तिहीन करणे, त्राण काढून घेणे.

छपाईची चूक असेल म्हणून सुनेची डिक्शनरी पाहिली. तिथेही तेच.

सुनेला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, हो. मग बोलली का नाहीस? तर म्हणाली, आई, तुमच्याशी वाद घालायचं त्राण कुठून आणू?

अर्थ कळला. वाक्यात उपयोगही.