ब्रेझन म्हणजे पितळेची

बारामती, ६ फेब्रुवारी १९५६
आज निमगाव केतकी. आबासाहेबांच्या पानमळ्यात शेतकी खात्याचा खताचा प्रयोग व्हायचा आहे. झाला, तर माझी टेंपररी नोकरी कायम. मी चपला घालून आत गेले. पानमळ्यात अनवाणी जातात, देवघरासारखा मानतात म्हणे. मला आधी कुणी सांगितलं? आबासाहेब म्हणाले, "बाई, पायातलं भायेर काढा." मी म्हटलं, वेलांना चपलेचं काही होत नाही. मुद्दा बरोबरच होता. चहासुद्धा न देता परत पाठवलं.

७ फेब्रुवारी
आमचे वरिष्ठ रघुनाथसाहेब कालचा प्रकार ऐकून माझ्या हाताखालच्या श्यामलेदेखत मला म्हणाले, "ब्रेझन!" असल्या शब्दांकडे मी लक्ष देत नाही.

८ फेब्रुवारी
डिक्शनरी आणली. रूढ अर्थ निर्लज्ज, उद्धट; पण ब्रेझन म्हणजे मुळात पितळेची. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. माझा काय संबंध? इम्प्युडंटही पाहिला, साहेब पुढे तोच वापरतील म्हणून. लॅटिनमध्ये, जिला लाज वाटत नाही ती. लाज चुकणाऱ्याला वाटावी. ॲरोगंट: जे आपलं नाही त्यावर हक्क सांगणारी. नोकरी तर माझीच आहे! एकही शब्द लागू नाही. उलट मॉडेस्ट, म्हणजे नम्र, हा 'मोडस'वरून; मोडस म्हणजे माप. मी दिवसभर प्रयोगशाळेत मापंच घेते. माझ्याहून मॉडेस्ट या ऑफिसात कोण आहे?
संताप जात नाही.

९ फेब्रुवारी
उद्या आबासाहेबांची माफी मागणार. थोडक्यात. नम्रता काय असते ते साहेबांना दाखवतेच.

१० फेब्रुवारी, दुपारी
एस.टी.ने जाऊन आले. बांधावरच उभी राहिले, अनवाणी. म्हटलं, तुमच्या भावना दुखावल्या. भावनांना शास्त्रीय आधार नसला तरी मी त्यांचा आदर करते. शिवाय सरीतलं पाणी जास्त होतंय, तेही सांगितलं. आबासाहेब सगळं ऐकून म्हणाले, "बाई, तुमी माफी मागाय आलाय का द्याय?" गडी हसले. म्हस्कू नावाचा एक तर खाली बसून हसला. अडाणी!
तरी चहा मिळाला. काम झालं, असं समजते.

१३ फेब्रुवारी
आबासाहेबांचा होकार आला. अट एकच: "ती बाई नगं." प्रयोग श्यामला करणार. कायमची जागाही तिलाच. साहेबांनी विचारलं, "काही म्हणायचंय?" तिन्ही शब्दांची व्युत्पत्ती तोंडपाठ होती. का कोण जाणे, मी म्हटलं, "नाही, सर."
साहेब म्हणाले, "पहिल्यांदाच."