वारा लागतो का?

आई,

काल संध्याकाळी पोहे खाता खाता तुझी नात म्हणाली, "मम्मी, आज ग्लोव्ह काढला तर बोटाला रक्त. पेशंटचं." आणि तिने पोह्यांवर लिंबू पिळलं. तू गेलीस तेव्हा ती जन्मलीही नव्हती. आता इथल्याच एका हॉस्पिटलात नर्स आहे. बोटाला जखम तर नव्हती ना, एवढंच मी कसंबसं विचारलं. "नव्हती गं. धुतलं, सिस्टरांना सांगितलं. खा तू." लोकांची टिंगल लिहून माझं घर चालतं, कशावरही मला टोमणा सुचतो. काल मी उठून तिचा एप्रन चाचपला.

खिशात ग्लोव्ह्जची एक कोरी जोडी होती. त्यातला एक मी सिंकपाशी नेला आणि माझे हात तुझ्यासारखे चालायला लागले. शाळेला सुट्टी असली की अंबडच्या त्या ग्लोव्ह-कारखान्याच्या शेडमध्ये तू मला दाराशी बसवायचीस. दर खेपेतले थोडे ग्लोव्ह्ज पाणी भरून तपासायचं तुझं काम. समोर दांडीला ग्लोव्ह्ज टांगलेले, पाण्याने टम्म फुगलेले, बिनधडाचे हात. मी एकदा ओरडले, हा गळतोय. तू आलीस, फडक्याने तो पुसलास. "आधी पूस, मंग बोंबल. वरचं पाणी हाय ते." काल तोटीला ग्लोव्ह बांधला, पाणी भरलं, थेंब दिसला. पुसला. अंगठ्याच्या बेचक्यात पुन्हा आला. पुन्हा पुसला, पुन्हा आला. 

लेकीला दाखवलं तर म्हणते, "खोक्यात एखादा निघतोच गं. नियमात बसतं ते." आई, हे तर तुझ्या सुपरवायझरचं वाक्य. "मावशी, नमुन्यात थोडे गळले तरी लॉट पास. एवढे चालतात." तू गळका ग्लोव्ह त्याच्या नाकासमोर धरला होतास. "चालतात ना साहेब? मंग घाला अन् मिरच्या कुटा. मंग सांगा, चालतात का." बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मला वाटलं, तू जिंकलीस. लॉट त्याच दुपारी ट्रकमध्ये चढला.

आणि ज्याने काल मला हादरवलं ते वेगळंच आहे. पाणी भरलेला ग्लोव्ह विकता येत नाही. म्हणजे तू ज्यांना हात लावलास ते सगळे टाकाऊ झाले, आणि दुनियेच्या हातात गेले ते न तपासलेले. तपासलेले आपल्या घरी यायचे. अख्ख्या नाशकात भोक नसल्याची खात्री असलेले ग्लोव्ह्ज एकाच घरात होते, आणि ते घालून आपण मिरच्या कुटत होतो. तुला हे ठाऊक होतं का गं? असणारच. तरी पाण्यात पास झालेला ग्लोव्हही घरी तू पुन्हा फुगवायचीस. त्याचं तोंड पिळून धरायचीस, ओल्या बोटाने माझा गाल भिजवायचीस आणि ग्लोव्ह गालापाशी फिरवायचीस. "वारा लागतो का?" मी नाही म्हटलं की मगच तू तो घालायचीस.

आज सकाळी ड्यूटीला निघताना लेकीला ही युक्ती शिकवली. जोडीतला उरलेला तिने फुगवला, माझा गाल भिजवला, हसत हसत ग्लोव्ह फिरवला. "सांग आता, लागतो का वारा?" मी म्हटलं, लागतो. तिने तो कचऱ्यात टाकला, चपला घातल्या आणि गेली. तिकडे नवं खोकं फोडेल.

हा कागद घडी करून पिठाच्या डब्याखाली ठेवते, पाठवणार तरी कुठे. पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू. वारा लागत नव्हता, आई. मला वाटलं, ग्लोव्ह नसला तर ती आज जाणार नाही. तपासलेला तेवढा एकच होता.